सहा वाजताची प्रत

आमच्या ग्रंथालयातल्या तळहाताएवढ्या पाच स्वस्त संगणकांची देखभाल माझ्याकडे होती, आणि सगळे वापरतात ती ऑपरेटिंग प्रणाली मी त्यांच्यावर घातली नव्हती. माझी प्रणाली मूठभर हौशी लोकांनी जपलेली, निराळ्याच वळणाची. तिच्यात फाइल जतन करायची तर तिचं चित्र उचलून फोल्डरमध्ये नेऊन ठेवावं लागे. माउसला तीन बटणं आहेत आणि आपण दाबू ते चुकीचंच निघतं, असं शिपाईकाका म्हणत. जरा काही अडलं की सगळ्यांना माझ्याकडेच यावं लागे, आणि मला ते आवडत होतं.

स्वस्त मेमरी कार्डं सतत लिहून झिजतात, म्हणून मी आणखी एक शक्कल लढवली होती. जतन केलेलं दिवसभर यंत्राच्या, वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या, तात्पुरत्या स्मृतीतच राही आणि संध्याकाळी सहाला आपोआप कार्डावर उतरे. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

बुधवारी वायरिंगच्या कामासाठी ग्रंथालय पाचलाच बंद झालं. नोंदणी विभागातल्या ताईंनी नियमाप्रमाणे विजेचं मुख्य बटण बंद केलं, आणि देणगीत आलेल्या पुस्तकांच्या त्यांच्या दिवसभराच्या नोंदी गेल्या.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ग्रंथपाल साहेबांनी सगळ्यांदेखत ताईंची हजेरी घेतली. साधं जतन करणं जमत नसेल तर पुढच्या कंत्राटाचा विचार करावा लागेल, असंही सुनावलं. माझ्याच हातून राहिलं असेल, एवढंच ताई म्हणाल्या. मी कपात बघत राहिलो. खरं बोललो असतो, तर पाचही यंत्रांवरून माझी प्रणाली गेली असती.

मग दोन दिवस ताई जेवणाच्या सुट्टीतही नोंदी पुन्हा टंकत बसल्या. प्रत्येक फाइल ठेवल्यावर ती खरंच तिथे आहे का, हे त्या फोल्डर उघडून दोनदा बघत. मला ते बघवेना. शनिवारी त्यांच्या टेबलाशी जाऊन मी सगळं सांगितलं.

त्यांचे हात थांबले नाहीत.

“मला कशाला सांगतोस? ज्यांच्यासमोर मी ऐकून घेतलं, त्यांच्यासमोर सांग.”

चहाच्या वेळी मी उभा राहिलो. बोलता बोलता कार्डं कशी झिजतात हेच समजावू लागलो. ताईंनी मान खाली घातली. माझ्या वाट्याची लाज त्यांनाच वाटत असावी. तेव्हा कुठे मी सरळ म्हणालो, की चूक माझी होती.

साहेबांनी आधी ताईंची माफी मागितली. मग माझ्याकडे वळून आवाज न चढवता विचारलं, “आणि इतके दिवस काय करत होतास?”

“माझी प्रणाली वाचवत होतो, साहेब,” मी म्हणालो.