अर्ध्या मिशीचा खटला

पैज लागली ती सलूनच्या खुर्चीत, सरकारी वकिलांच्या गालावर वस्तरा टेकलेला असताना. अशा वेळी शहाण्या माणसाने वाद घालू नये. पण बावीस वर्षं वाद घालण्याचाच पगार घेणाऱ्या माणसाला हे सांगणार कोण?

"उद्या कसली केस, साहेब?" सलूनवाल्याने विचारलं.

"किरकोळ रे. एक चावीवाला आहे. घड्याळवाल्याच्या दुकानाचं कुलूप उघडून सात घड्याळं लांबवली. चावी त्याच्याच पेटीत सापडली. उद्या साक्षी झाल्या की खेळ खलास."

"आणि हरलात तर?"

"मी?" साहेब एवढे खदखदून हसले की वस्तरा हवेत उचलावा लागला. "हरलो तर ही मिशी अर्धी काप. भर गल्लीत!"

बाकावरच्या टेलरने पेपर खाली ठेवला. समोरचा इस्त्रीवाला शर्ट तसाच टाकून दारात आला. साहेबांची मिशी म्हणजे गल्लीची शान. साहेबांच्या आधी तीच कोपऱ्यावरून वळते, असं इस्त्रीवाला सगळ्यांना सांगायचा.

"जिंकलात तर मी टक्कल करतो," आपल्या दाट केसांवरून हात फिरवत सलूनवाला म्हणाला. "पण अर्धी म्हणजे अर्धी हं. उरलेली आठवडाभर मिरवायची."

"मंजूर."

"टेलर, तुम्ही साक्षीदार."

"मी ऐन वेळी फितूर होतो," टेलर म्हणाला, "आधीच सांगून ठेवतो."

संध्याकाळी साहेबांनी जेवणाच्या टेबलावर फाइल पसरली. मोठ्या साक्षीच्या आदल्या दिवशी ते घरी तालीम करत आणि साक्षीदार व्हायची ती बायको. आजवर ती अकरा वेळा फौजदार झाली होती आणि एकदा चोरीला गेलेली शेळीसुद्धा.

"हवालदार, ही चावी कुठून जप्त केलीत?"

"आरोपीच्या पेटीतून," मटार सोलता सोलता बायको म्हणाली.

"कसली चावी?"

तिने मान वाकडी करून कागद वाचला. "सदर कुलपाला लागणारी चावी." मग एकदम म्हणाली, "अहो, पण लावून बघितली होती का?"

"काय?"

"चावी. कुलपाला."

"अगं, लिहिलंय ना. पंचनाम्यात आहे, दोषारोपपत्रात आहे, माझ्या टिपणातही आहे."

"लिहिलंय हो. पण लावली कुणी?"

साहेब पानं उलटायला लागले. कुलूप सोमवारी जप्त केलं, पाकिटात घालून वर लाखेचं सील. चावी गुरुवारी मिळाली. तिचं पाकीट वेगळं, सील वेगळं. दोन्ही पाकिटं दोन वर्षं एकाच कपाटात शेजारी शेजारी पडून होती. एक वाक्य हवालदाराने ठोकून दिलं, ते फौजदाराने उतरवलं, आणि त्याच्यावरून साहेबांनी. साहेबांच्या मनात पाल चुकचुकली.

"त्याचा वकील विचारेल की," बायको म्हणाली.

"तो कशाला विचारतोय? चावी फिरली तर त्याचाच माणूस आत जाईल. उत्तर माहीत नसलेला प्रश्न कोर्टात विचारायचा नसतो. नव्या वकिलांना मीच शिकवतो हे."

"मग तुम्हीही नका विचारू," ती साळसूदपणे म्हणाली आणि पुढची शेंग उचलली. साहेबांना टोमणा बरोबर कळला. त्यांनी फाइल मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

दुसऱ्या दिवशी चावीवाला आरोपीच्या कठड्यात उभा होता. दोन वर्षांत त्याच्याकडे कुणी कुलूप दिलं नव्हतं. चोर म्हणून नाव लागलेल्या माणसाच्या हातात घराची चावी कोण ठेवणार? पोटासाठी तो बाजारात गोण्या उचलायचा, आणि एवढुशा किल्ल्या घासणारी त्याची बोटं सुजून जाड झाली होती.

कारकुनाने दोन्ही सीलं फोडली. कुलूप आणि चावी टेबलावर आली, मध्ये वीतभर अंतर. हवालदाराने पाठ केलेलं घडाघडा सांगितलं. साहेबांनी खाली बसावं, केस खिशात घालावी, एवढंच बाकी होतं.

त्यांचा हात मिशीकडे गेला. क्षणभर तिथेच राहिला.

"हवालदार," ते म्हणाले, "या चावीने ते कुलूप उघडून दाखवा."

"हरकत आहे!" आरोपीचा वकील ताडकन उठला.

"तुमची कसली हरकत?" न्यायाधीशांनी विचारलं. "चावी फिरली नाही तर तुमचाच फायदा."

"आणि फिरली तर, साहेब?"

"तर नाही." न्यायाधीश चष्म्यावरून सरकारी वकिलांकडे बघत राहिले. "उत्तर माहीत आहे तुम्हाला?"

"नाही, साहेब."

बावीस वर्षांत हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले होते.

हवालदाराने चावी घातली. अर्ध्यात अडली. काढली, फुंकर मारली, उलटी घातली. मग कपाळ पुसत म्हणाला, "गंजलंय, साहेब."

"माझ्याकडची लावून बघा की," मागच्या बाकावरून घड्याळवाला बोलला आणि त्याने खिशातून आपली चावी दिली. खट्. कुलूप पहिल्या झटक्यात उघडलं.

"सरकारतर्फे आणखी साक्षीदार नाहीत," साहेब म्हणाले. "शिक्षेची मागणीही नाही."

जेवणाच्या सुट्टीआधी चावीवाला सुटला. त्याची पेटीही त्याला परत मिळाली. पायऱ्यांवर तो ती छातीशी धरून उभा होता.

"साहेब, तुम्ही माझ्या बाजूचे होतात का?"

"छे! मी सरकारचा. पण सरकारला खरा चोर हवाय, मिळेल तो नकोय. आता काय करणार तुम्ही?"

"गोण्याच उचलणार. कोर्टाने सोडलं, पण लोक कुठे सोडतायत?"

साहेबांनी मिशीला दोन्ही बाजूंनी पीळ दिला. म्हटलं, दोन्ही बाजू आहेत तोवर देऊन घ्यावा. "रविवारी नऊला आमच्या गल्लीतल्या सलूनपाशी या. पेटी घेऊन."

शनिवारी संध्याकाळी साहेब उगीचच सलूनमध्ये पेपर वाचून आले. घरी बायकोने शर्ट धुवायला घेतला, तर खिशात किल्ली.

"ही कुणाची?"

"सलूनवाल्याच्या खणाची. खिळ्यावर टांगलेली होती. उद्या परत देणार आहे मी."

"सगळे चोर हेच म्हणतात, असं तुम्हीच सांगता," ती म्हणाली. पण किल्ली तिने गुपचूप उद्याच्या शर्टात ठेवली.

रविवारी खुर्ची रस्त्याच्या मधोमध आली. अख्खी गल्ली जमली. साहेब गळ्यात कापड बांधून फोटोला बसल्यासारखे बसले. आणि सलूनवाला आतून कसनुसं तोंड करून आला.

"साहेब, वस्तरे खणात आहेत आणि किल्ली सापडत नाहीये. जाऊ द्या. वाचली तुमची मिशी."

"वाचली कशी?" टेलर ओरडला. "मी साक्षीदार आहे!"

"पैज म्हणजे पैज," साहेब म्हणाले. "इथे कुणी चावीवाला आहे का?"

गर्दीच्या मागून तो पुढे आला. "हाच ना तो?" कुणीतरी कुजबुजलं. सलूनवाला एकदा त्याच्याकडे, एकदा आपल्या खणाकडे बघायला लागला.

"बघतोस काय?" साहेब म्हणाले. "याची चावी लागत नाही हे मी कोर्टात दाखवलंय. लागते का, ते आता बघू."

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. सलूनवाल्याने बाजूला होऊन वाट दिली. चावीवाला खणापुढे उकिडवा बसला. कानस चालायला लागली तशी बोटांना जुनी ओळख पटली. त्याने दोनदा घासलं, एकदा वाकून डोळा लावला, आणि खण उघडला.

"ओ चावीवाले," इस्त्रीवाला म्हणाला, "माझ्या मागच्या दाराचं कुलूप महिनाभर अडकतंय. बघाल का?"

"बघतो की," चावीवाला म्हणाला आणि त्याने पेटी उचलली.

मग वस्तरा चालला. मिशीची डावी बाजू कापडावर पडली आणि गल्लीने टाळ्या पिटल्या. गॅलरीत बायको कठडा धरून हसत होती. साहेबांनी तोंड पुसायला ऐटीत रुमाल ओढला, आणि खिशातली किल्ली टणकन रस्त्यावर पडली.

सलूनवाल्याने ती उचलली. उलटसुलट करून बघितली. मग शांतपणे साहेबांच्या उजव्या गालाला साबण लावायला लागला.

"हरकत आहे!" साहेब ओरडले.

"फेटाळली," टेलर म्हणाला.

चावीवाल्याचं लक्षच नव्हतं. तो इस्त्रीवाल्याच्या मागच्या दारी पोचलासुद्धा होता.