उसनं म्हातारपण

रोज सकाळी आई जिना उतरे, तेव्हा लेक दोन पायऱ्या खाली थांबे. आई भिंतीकडे तोंड करी, कठडा दोन्ही हातांनी धरी आणि खेकड्यासारखी तिरकी उतरे. "घाई असेल तर हो पुढे, मी संध्याकाळपर्यंत पोचतेच," हे ती न चुकता ऐकवी.

त्या दिवशी लेकीने तिला विद्यापीठात नेले. लेक तिथे संशोधिका होती. तिच्या विभागात वृद्धांसाठी बसच्या दारातला कठडा नव्याने आखला जात होता. प्रयोगशाळेतल्या लाकडी पायऱ्यांवरून विशीतला एक विद्यार्थी उतरत होता : घोट्यांना वाळूच्या पिशव्या, गुडघ्यांना पट्टे, डोळ्यांवर मेण फासलेला चष्मा. भिंतीवर विभागप्रमुखांच्या हसऱ्या छायाचित्राखाली लिहिले होते, 'संशोधन सर्व वयांसाठी'.

"हा कोण गं?"

"म्हातारा. तासाभरापुरता."

आईने त्याला नीट न्याहाळले. "हात सोडून, समोर बघत? असे उतरणारे आमच्यातले केव्हाच वर गेले."

विद्यार्थी हसला. शेजारी उभे असलेले विभागप्रमुख हसले नाहीत.

"मॅडम, आजींना बाहेर बसवा. साठीपुढची माणसं आपण चाचणीला घेत नाही. थकतात, गप्पा मारतात, आकडे बिघडवतात."

सर स्वतः त्रेसष्ट वर्षांचे होते. त्यांच्या कलपाला मात्र याची खबर नव्हती.

"सर, आई तिरकी उतरते, दोन्ही हातांनी. हा कठडा तिच्या हाताला लागणारच नाही. ती पडेल."

"मग याला तिरकं उतरायला शिकवू." सरांनी घड्याळ पाहिले. "पुढच्या महिन्यात तुमच्या कायम नेमणुकीची बैठक आहे. या कठड्यावरच्या लेखावर तुमचं नाव आहे म्हणून ती आहे. जरा व्यवहार बघा."

म्हाताऱ्यांवाचून म्हाताऱ्यांचा अभ्यास, म्हणजे वऱ्हाडाशिवाय लग्न. इतकी वर्षे आपण याला विद्वत्ता समजत आलो, याची लेकीला लाज वाटली. तिने वाद घातला नाही. हा माणूस वादाच्याही लायकीचा नव्हता.

आईला तिने आपल्या खोलीत खुर्ची दिली आणि तो लेख छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना ईमेल लिहिला : 'या कठड्याची चाचणी एकाही वृद्धावर झालेली नाही. लेखावरून माझे नाव काढावे.' प्रतीसाठी सरांचा पत्ता जोडला.

"काय लिहितेस एवढं?"

"काही नाही, झालंच."

तिने ईमेल पाठवला, संगणक बंद केला आणि आईची पर्स तिच्या हातात दिली.