कप्तानाच्या डायरीतलं अक्षर

मी प्रदर्शनात जन्मात आवाज चढवला नव्हता. परवा चढवला, आणि मला त्याची काडीची लाज वाटत नाही.

सेतुमाधवकाका माझे घरमालक. तंजावरचे मराठी, वय एकोणऐंशी. त्यांचे आजोबा गुरुमूर्ती एका इंग्रज कप्तानाच्या जहाजावर कारकून म्हणून मद्रासहून दक्षिण ध्रुवाकडे गेले आणि पायाची दोन बोटं गमावून परतले. भावकी म्हणायची, थापा मारतोय, बोटं रेल्वेखाली गेली असतील. मरेपर्यंत बिचाऱ्यांनी तेच ऐकलं. त्यामुळे कप्तानाची डायरी इथे मद्रासच्या मैलापुरात प्रदर्शनाला येतेय म्हटल्यावर काका सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून तयार. आजोबांचं नाव तिथे असणार, याची त्यांना खात्री होती.

काचेच्या पेटीत डायरीचा शेवटचा महिना उघडून ठेवला होता. शेजारी पाटी: ‘थंडीने हाताची बोटं काळी पडली, तरी कप्तानाचं अक्षर ढळलं नाही. पानाच्या माथ्यावर त्यांनी रेखाटलेला पक्षी.’

पक्षी कसला डोंबलाचा! चांगला ठसठशीत श्री होता. आमच्यात किराण्याच्या यादीवरसुद्धा आधी श्री काढतात, आणि हे म्हणे पक्षी. मजकूर इंग्रजी, पण लिहिणारे गुरुमूर्ती. काकांनी पिशवीतून आजोबांची जुनी पत्रं काढून काचेला लावली. तोच श्री, आणि खालच्या इंग्रजी सहीत अक्षराला तोच डावीकडचा कल.

मी संयोजकांना बोलावून आणलं. त्यांनी पत्रांचे फोटो काढले, कुणाला तरी फोन केला आणि हसतमुखाने परत आले. कुटुंबाच्या भावनांचा आदर म्हणून पाटीवर ‘एका स्थानिक नोकराच्या मदतीने’ एवढं घालता येईल, म्हणाले. नाव नाही.

माझं डोकंच फिरलं. महिनाभर डायरी लिहिणारा माणूस नोकर कसा आणि ती नुसती मदत कशी, हे मी सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. संयोजकांचं हसू जराही हललं नाही. कप्तानाने स्वतःच्या हाताने तसं कुठे लिहिलं असेल तर दाखवा, मग नावाचं बघू, म्हणाले.

काकांनी पत्रं घडी घालून पिशवीत ठेवली आणि तमिळमध्ये, आवाज न चढवता विचारलं, “त्यांचा हात चालत असता, तर माझ्या आजोबांना लिहायला कशाला बसवलं असतं?”