पत्राखालची ओळ

रामलिंगअप्पांनी पेनाचं टोपण काढलं, पांढऱ्या फडक्यावर उभं ठेवलं आणि लगेच बोटं पुसली. मग निबेकडचा भाग दोन बोटांत धरून हलक्या हातानं फिरवला. पेन उघडलं. आतली शाई त्यांनी एका रिकाम्या बाटलीत ओतली, शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबले आणि पुन्हा बोटं पुसली.

“बघितलंस?” तारामतीकाकू सुशीलाच्या, म्हणजे फोडणीच्या मुरमुऱ्यांच्या, बशा घेऊन आतून आल्या. “सगळा जन्म शाईत गेला, पण ह्यांच्या बोटाला डाग म्हणून दिसायचा न्हाई. लग्नातली हळद बी अशीच पुसली आसंल बघ.”

“पुसली नव्हती,” अप्पा मान वर न करता म्हणाले. “धुतली होती.”

विशाखा हसली. मुरमुऱ्यांचा घास तिनं तोंडात टाकला. टेबलावर पाण्याची वाटी, कापसाची वळलेली वात, घड्याळवाल्यांचं असतं तसं डोळ्याला लावायचं भिंग, असं सगळं ओळीनं मांडलेलं होतं. प्रयोगशाळेत ती स्वतःही असंच मांडायची. एरवी तिला ते पाहून बरं वाटलं असतं. आज तिची नजर बाटलीतल्या शाईवर होती. ती शाई पेनात भरून अजून चोवीस तासही झाले नव्हते.

नांदेडच्या एका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती रसायनशास्त्राची पदवी घेऊन लागली, त्याला दीड वर्ष झालं होतं. दिवसभर बोअरच्या पाण्याच्या बाटल्या, क्षार, फ्लोराइड, आकडे. फाउंटन पेन वापरणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्यात हातानं पत्र लिहायला कुणी हवं असणाऱ्यांची यादी फिरते, हे कळल्यावर तिनं ती यादी नमुन्यांच्या रजिस्टरासारखी वरून खाली वाचून काढली. नाव, गाव, वय, आवडती शाई. बहुतेकांनी चार-चार ओळी स्वतःबद्दल लिहिल्या होत्या. एकानं एवढंच लिहिलं होतं: ‘रामलिंग बिराजदार, वय ६७, लातूर. तहसीलमधून निवृत्त. पेनं दुरुस्त करतो. पत्राला पत्र देतो.’

शेवटचं वाक्य तिला आवडलं होतं.

त्या लोकांचा एक रिवाज होता. पत्र संपलं, सही झाली की खाली एक ओळ लिहायची: पेन कोणतं, शाई कोणती, कागद कोणता. काही जण त्यात पेनाचं घराणंही सांगत. हे माझ्या वकील पणजोबांचं, हे हेडमास्तर आजोबांचं. विशाखाकडं शाळेपासूनचं एक साधं बारीक निबेचं पेन होतं. पहिलं पत्र तिनं त्याच पेनानं लिहिलं. ओळीपाशी आली आणि हात थांबला. टेबलाच्या खणात आजोबांचं एबोनाइटचं, कडक रबराचं, काळं पेन होतं. ते बघत तिनं लिहिलं: ‘पेन: माझे आजोबा मारोती वाघमारे यांचं, जाड निब. आजोबा मास्तर होते.’

पुढच्या पत्रांत त्या ओळीला फांद्या फुटत गेल्या. आजोबा नायगावकडच्या आपल्या गावात सगळ्यांची पत्रं लिहून देत. चतुराबाई नावाची एक विधवा होती, तिचा मुलगा हैदराबादला पळून गेला होता. आजोबांनी ह्याच पेनानं तिच्यासाठी तीन वर्षं पत्रं लिहिली. हे पत्र लिहिताना विशाखाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. उत्तरात अप्पांनी लिहिलं होतं, ‘तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. दोनदा.’ आणि त्यानंतरच्या पत्रात: ‘इतकी वर्षं चाललेलं पेन एकदा हातात घ्यावं वाटतं. एखादा रविवार काढून ये.’

“पोरी, एक इचारू?” काकू समोरच्या खुर्चीवर टेकल्या होत्या. “त्या चतुराबाईचं पोरगं आलं का गं माघारी? तू पुढं काई लिवलंच न्हाईस. मी ह्यांना म्हणलं बी, इचारा की पत्रात. हे म्हणतेत, तिची ती सांगंल.”

अप्पा कापसाची वात पेनाच्या नळीत घालत होते. त्यांचा हात क्षणभर थांबला, की विशाखाला तसं वाटलं.

“आलं ना काकू,” ती म्हणाली. “तीन वर्षांनी आलं.”

“बघा! मी म्हणलं नव्हतं?” काकूंचा चेहरा उजळला. “आईचं पत्र आसंल तर कुठं जातंय. मास्तरांचे लई उपकार बाई.” त्या उठल्या. “थांब, चहा टाकते.”

त्या आत गेल्या. विशाखानं बशी बाजूला सरकवली.

अप्पांनी निब आणि तिच्या खालची, शाई पुढं नेणारी जीभ ओढून वेगळी केली. निब पाण्यात टाकली. जीभ मात्र न धुताच भिंगाखाली धरली. बाहेर रस्त्यावरून भंगारवाल्याची आरोळी आली आणि दूर गेली.

“हे बघ,” त्यांनी भिंग तिच्याकडं दिलं. “खाचा बघ.”

तिनं भिंग डोळ्याला लावलं. जिभेवर आडव्या बारीक खाचा होत्या, शाई धरून ठेवणाऱ्या. त्यांच्या कडा आजच कापल्यासारख्या धारदार होत्या. वरवर निळा रंग लागला होता, तोही एका बाजूला जास्त. खाचांच्या तळाशी मात्र भुरकट पूड दिसत होती. वर्षानुवर्षं शाई वाहिलेल्या जिभेत तळाशी काळा थर बसतो, हे तिनं अप्पांच्याच एका पत्रात वाचलं होतं. ही पूड शाईची नव्हती. पेन कातताना लेथवर उडालेली होती. पेन ज्या दिवशी तयार झालं त्या दिवसापासून ती तिथं होती, आणि कालपर्यंत कुणी तिला हलवलं नव्हतं.

अहवाल लिहायला एवढा पुरावा पुरेसा होता. तिनं भिंग खाली ठेवलं.

“पहिलं काय लिहिलंस ह्यानं?” अप्पांनी विचारलं.

आवाजात राग नव्हता. पेनाबद्दल एखादी माहिती विचारावी तसं त्यांनी विचारलं होतं.

काल दुपारी प्रयोगशाळेतली सगळी माणसं गेल्यावर तिनं ड्रॉपरनं त्या पेनात शाई भरली होती. निब वापरल्यासारखी दिसावी म्हणून जुन्या अहवालांच्या पाठीमागं तीन पानं भरून हात चालवला होता. वर-खाली, वर-खाली. मग पानं फाडून टोपलीत टाकली होती.

“काही नाही,” ती म्हणाली. “नुसत्या रेघोट्या.”

अप्पांनी मान हलवली. निब पाण्यातून काढून फडक्यावर ठेवली.

“तुम्हाला कधी कळलं?”

“तू लिहितेस त्या पेनाचं? दुसऱ्या पत्रात. खाली लिहितेस जाड निब, आणि अक्षर पडलंय बारीक निबेचं. पेनं दुरुस्त करणाऱ्याला कळणार नाही का, बाळ?”

दुसऱ्या पत्रात. त्यानंतर तिनं सात पत्रं लिहिली होती. प्रत्येकाखाली ती ओळ.

“मग विचारलं का नाही?”

“विचारलं असतं तर तुझं पत्र बंद झालं असतं.” त्यांनी बोटं पुसली. “आणि हिला चतुराबाईचं पुढचं ऐकायचं होतं.”

“मग बोलावलंत कशाला?”

“पेन तरी आहे का, ते बघायला. कधी कधी वाटायचं, पेन पण नसेल. आजोबा पण नसतील.”

“आजोबा होते,” विशाखा एकदम म्हणाली. मग तिला पुढचं बोलावंच लागलं.

“मास्तर नव्हते. लोकांच्या रानात सालानं राबायचे. लिहिता-वाचता येत नव्हतं. आमच्या वस्तीत बाबासाहेबांचा फोटो आला ना, कोटाच्या खिशाला पेन लावलेला, त्या वर्षी नांदेडला चालत जाऊन त्यांनी हे पेन आणलं. रोज सदऱ्याच्या खिशाला लावायचे. रोज पुसायचे. शाई कधीच भरली नाही. रानात जाताना गावातले लोक हाक मारायचे, ‘काय मास्तर, आमची बी एक चिठ्ठी लिहून द्या की.’ आणि हसायचे.” ती थांबली. “तेच ‘मास्तर’ मी तुम्हाला लिहिलं. मनात म्हटलं, गाव म्हणतच होतं ना, मग खोटं कुठं आहे.”

अप्पा ऐकत होते.

“आजीनं मला पेन दिलं तेव्हा एकच सांगितलं होतं. म्हणाली, शाई नको घालूस गं त्यात, त्याला सवय न्हाई.” तिनं बाटलीतल्या निळ्या शाईकडं पाहिलं. “ते साठ वर्षं कोरं राहिलं. मी काल शाई भरली. तुम्हाला दाखवायला.”

आतून स्टोव्हचा आणि कपबशांचा आवाज येत होता. अप्पांनी जीभ उचलली आणि वाटीतल्या पाण्यात बुडवून अंगठ्यानं हळूहळू चोळू लागले. पाण्यात निळा धागा सुटला, पसरला.

“जाईल का?” तिनं विचारलं.

“वरची जाईल. खाचांत थोडा रंग राहतो. एकदा लागली की लागली.” ते चोळत राहिले. वाटीतलं पाणी फिकट निळं झालं. त्यांनी ते बदललं नाही. “मी नायगावला पण होतो. तहसीलमध्ये. दोन वर्षं.”

विशाखानं वर पाहिलं.

“उताऱ्याला, दाखल्याला माणसं यायची. तुझ्या आजोबांसारखी यायची. धुतलेला सदरा, खिशाला पेन. मी रजिस्टर पुढं करायचो, म्हणायचो, करा सही. मुद्दाम म्हणायचो.” अप्पांनी जीभ पाण्यातून काढली, उजेडात धरली आणि पुन्हा बुडवली. “ती माणसं खिशाला हात लावायची. मग मी शाईचं पॅड सरकवायचो. शेजारच्या टेबलावरचे लोक त्या क्षणाची वाट बघत थांबलेले असायचे.”

“तुम्ही हसायचात?”

“सगळ्यांत आधी.”

अप्पांनी जीभ पाण्यातून काढून निबेशेजारी ठेवली.

“नावं आठवत नाहीत,” ते म्हणाले. “एकाचं पण नाही. पेनं आठवतात. हिरवं एक होतं. एकाचं टोपण दोऱ्यानं बांधलेलं. काळी तर कितीतरी.”

विशाखाला वाटलं, विचारावं. आजोबा कधी तहसीलला गेले होते का, हे तिला माहीत नव्हतं. कधीतरी गेलेच असणार. पण तिनं विचारलं नाही. विचारून काय निघालं असतं, हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

अप्पांनी पेन जोडलं. निब, जीभ, नळी. टोपण शेजारी तसंच होतं.

“कोरडं देऊ की भरून?”

तिनं विचार केला. कोरडं नेलं असतं तर आजीपुढं पुन्हा एक गोष्ट लपवावी लागली असती.

“भरून द्या.”

त्यांनी ड्रॉपरनं शाई भरली, आणि कागदाचं एक पान तिच्याकडं सरकवलं. ते खिडकीकडं बघत बसले.

विशाखानं पेन धरलं. ते तिच्या साध्या पेनापेक्षा जाड होतं, बोटांत बसेना. कागदाच्या वरच्या कोपऱ्याशी तिचा हात गेला, घुटमळला. मग ती पार खाली, जिथं सही संपल्यावर ती ओळ लिहितात, तिथं आली आणि लिहू लागली. निब अजून रुळलेली नसल्यामुळं कागदावर अडखळत होती, अक्षरं जाड आणि ओबडधोबड पडत होती.

‘पेन: मारोती वाघमारे यांचं. त्यांना लिहिता येत नव्हतं.’

वरचं सगळं पान मोकळं होतं.

“काकूंना सांगू का मी?” अप्पांनी विचारलं. “चतुराबाईचं?”

“नाही. मीच सांगते.”

तारामतीकाकू चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवायला जागा करताना त्यांची नजर अप्पांच्या हातावर पडली. उजव्या हाताचा अंगठा पेरापर्यंत निळा झाला होता. पांढरं फडकं शेजारीच घडी करून ठेवलेलं होतं.

“अगं बाई, आज काय नवल! अहो, अंगठा पुसा की.”

अप्पांनी हात टेबलावर तसाच ठेवला.

“राहू दे,” ते म्हणाले. “तू बस. विशाखाला तुला काहीतरी सांगायचंय.”