मशीनवालीचा डिस्ट्रिब्यूटर

वडील गेल्यावर त्यांची जुनी मोटार हॉटेलच्या दारात शोभेला द्यायची, असं काकांनी परस्पर ठरवून टाकलं. हॉटेलवाला इंजिन काढून तिथे फुलझाडं लावणार होता. काकांची उभी हयात गॅरेजमध्ये गेलेली, त्यामुळे गाडीच्या बाबतीत त्यांच्यापुढे कोणी तोंड उघडत नसे.

"वहिनी, डिस्ट्रिब्यूटर पार झिजलाय. ठिणगी वेळेवर पडत नाही, आणि हा भाग आता बनतच नाही. रविवारी माणसं येतील गाडी न्यायला."

आईच्या आधी तिची मुलगीच बोलली. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान चालवायची, म्हणून सगळी गल्ली तिला मशीनवाली म्हणायची.

"बनत नसेल तर मी बनवते."

"शिलाई मशीन आणि मोटार यात फरक असतो, पोरी."

"तो काम करताना कळेल. गाडी आता आईच्या नावावर आहे, काका. त्या माणसांना येऊ नका म्हणावं."

"मी शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय. आम्ही नाही."

काका चहा अर्धा टाकून उठले.

इंजिनाला ठिणगी वाटून देणारा तो डिस्ट्रिब्यूटर तिने दुकानात आणून खोलला. आतला फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, चिमटीत धरला तर पडायला आलेल्या दातासारखा डुगडुगत होता. शाफ्ट धड होता, तो ज्यात फिरायचा ते बुश एका अंगाने खाल्ले गेले होते. तिने लेथवर गनमेटलचे दोन नवे बुश काढले. हाताने फिरवलं तर झकास, पण तापल्यावर शाफ्ट जाम. मुकाट्याने ते ठोकून काढले आणि केसभर सैल असे पुन्हा बनवले.

मग ती हट्टालाच पेटली. उघडमीट करून ठिणगी पाडणारे पॉइंट तिने काढूनच टाकले. त्यांच्या जागी चार चुंबकांची चकती बसवली आणि समोर, चुंबक पुढून गेला की ठिणगीचा इशारा देणारा, कारखान्यातल्या शिलाई मशीनचा सेन्सर. वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या वजनांच्या स्प्रिंगाही लोंबल्या होत्या, तिथे मशीनच्याच दोन स्प्रिंगा अडकवल्या.

शनिवारी दुपारी इंजिन दोनदा खोकलं आणि तिसऱ्या खेपेला सुरू झालं. आवाज ऐकून काका आले, बॉनेट उघडून डिस्ट्रिब्यूटरमधून निघालेल्या नव्या वायरकडे बघतच राहिले.

"मूळ वस्तूची वाट लावलीस. जाणकार हसतील."

"इंजिनाच्या जागी फुलझाडं लावली असती, तर हसले नसते?"

काकांनी बॉनेट आपटलं.

रविवारी हॉटेलची माणसं ट्रक घेऊन दारात हजर. काकांनी त्यांना थांबवलं नव्हतंच. आई चपला घालून शांतपणे पुढच्या सीटवर जाऊन बसली. मुलीने गाडी बाहेर काढली आणि काच खाली केली.

"काका, यांचं काय ते तुम्ही बघा. आम्ही चक्कर मारून येतो."

चढावर इंजिन टकटक वाजायला लागलं. नव्या स्प्रिंगा जरा नरम पडल्या होत्या, ठिणगी घाई करत होती. तिने गाडी कडेला घेतली, ठिणगी जरा उशिरा पडावी म्हणून पाना लावून डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवला.

"परत वळायचं का?" आईने विचारलं.

"छे. अजून चढ संपलाय कुठे?"

ती हात पुसून आत बसली आणि तिने पहिला गिअर टाकला.