कोऱ्या जागेत बसलेलं कुणी

"पाण्यात टाक गं, पाण्यात टाक! उघडं ठेवशील तर हवा खाईल." वांगी चिरताना अम्मा हे ठेक्यात म्हणायची, गाण्यासारखं. अम्मा गेली, सूर्यापेटची चूल निवली. पण इथे हैदराबादला, प्रयोगशाळेत हातात नळी घेतली की तोच आवाज माझ्या कानाशी येऊन बसतो.

माझं कामही हवेच्या खाण्याशीच. तुरीच्या मुळांवर राहणारा एक जिवाणू आहे, आणि त्याच्या पोटात पहाऱ्यावरचं एक प्रथिन. पेरॉक्साइडचा मारा झाला की हे प्रथिन डीएनएला ठरल्या जागी घट्ट धरतं आणि बचावाची जनुकं जागी करतं. कुठे धरतं, ते पाहायला आम्ही डीएनए कातरणारं विकर सोडतो. ते सगळीकडे कातरत जातं. प्रथिन बसलंय तिथे मात्र त्याची कात्री पोचत नाही. फिल्मवर शिडीसारख्या काळ्या पट्ट्या उमटतात आणि मध्येच एक जागा कोरी राहते. कोरं दिसलं की समजायचं, इथे कुणी बसलंय.

माझं दुखणं असं, की पेरॉक्साइड न घालताही ती जागा कोरीच यायची. संकटच नाही, तर पहारेकरी कशाला येईल? नळीत हवा शिरली असणार, तीही पेरॉक्साइडसारखाच मारा करते. मी फिल्म फेकायची, नळ्या नायट्रोजनखाली भरायची, पुन्हा बसायची. सोबतीला फ्रीजरची घरघर. बरोबरची मुलं एकेक करून नोकऱ्यांना लागली; माझ्या मार्गदर्शक मॅडमही आता निवृत्तीला टेकल्या, कधीमधीच येतात.

दुपार कलली की नान्नाचा, माझ्या बापाचा, फोन. मला तो लाडानं ‘तल्ली’ म्हणतो.

"तल्ली, जेवलीस?"

"पाच वाजलेत, नान्ना."

"मग दुपारचं सांग. अंबाडीचं लोणचं संपलं का? अम्मासारखं जमलं नसेल म्हणा."

"सगळ्यांनी मिळून फस्त केलं."

"आज कोण कोण आहे?"

"खूप जण. नुसता कल्ला चाललाय."

"मग तुझा आवाज इतका स्वच्छ कसा येतो गं? जन्मभर बस चालवली मी. गर्दी कानांनी ओळखतो."

मी हसून विषय बदलायची. एकटी आहे म्हटलं असतं, तर अम्माच्या घराला कुलूप लावून तो मिळेल त्या बसनं निघाला असता. म्हाताऱ्या बापाला धावत आणण्याइतकं मोठं संकट मला व्हायचं नव्हतं.

आज सुगुणा मॅडम आल्या. पेरॉक्साइड घातलेली आणि न घातलेली, दोन्ही फिल्म त्यांनी खिडकीशी धरल्या.

"स्वर्णलता, ही फेकायला काढलीस?"

"पेरॉक्साइडविनाची आहे, मॅडम. हवा शिरली."

"हवा, हवा! प्रयोग करतेस की वांगी चिरतेस? हवा शिरली असती तर दोन्हीकडची कोरी जागा सारखीच दिसली असती. ही बघ, केवढी लांब! याचं बसणंच वेगळं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे हा पहारेकरी कुठे जातच नाही, बाळा. काही नसतानाही तिथेच बसलेला असतो. संकट आलं की बसल्या जागी नुसती पकड बदलतो. आणि तू इतके दिवस त्याला हाकलत बसलीस."

त्या गेल्या. मी फिल्म घेऊन खिडकीशीच उभी राहिले. इतक्या काळ्या पट्ट्यांत ती लांबच लांब कोरी जागा. काहीच नाही असं वाटणारी, पण भरलेली.

फोन वाजला.

"तल्ली, जेवलीस?"

"हो."

"आज कोण कोण आहे?"

फ्रीजर घरघरत होता. टेबलावर लोणच्याची बरणी होती, तोंडावरचं फडकं नान्नानं बांधलं होतं तसंच.

"कुणी नाही, नान्ना. कधीपासून कुणीच नाही. लोणचं उघडलंसुद्धा नाही; एकटीला जात नाही. इथे काही झालेलं नाही, सगळं ठीक आहे. तरी तू ये."