अप्पाजींच्या घरची निळी क्रेफिश

मी धारवाडच्या मळमड्डीतल्या एका घरात, खिडकीजवळच्या काचेच्या टाकीत राहणारी जुनी निळी क्रेफिश आहे. समुद्रातला शेवंड तुम्ही चित्रात पाहिला असेल. त्याचीच मी लहानखुरी, गोड्या पाण्यातली नातलग. आमची जात मूळची ऑस्ट्रेलियातली. दोन नांग्या, लांब मिशा आणि पंख्यासारखी शेपटी. मित्रांनो, आता माझ्या पाठीवर शेवाळ धरलंय. दिवसाचा बराच वेळ मी पेंगत असते. पेंगता पेंगता जे आठवतं, ते तुम्हाला सांगते.

माझा जन्म हुबळीच्या कमरीपेठेतल्या, शोभेचे मासे विकणाऱ्या एका दुकानातला. तिथून नूतननं मला पाण्यानं फुगलेल्या पिशवीत घालून घरी आणलं. वाटेत ऊन पिशवीत शिरून हलत होतं. मला वाटलं, जग असंच असतं, सोनेरी आणि डुलणारं. नूतन कॉलेजात शिकवते. घरच्या घरी क्रेफिशची पैदास करायची, हा तिचा छंद. तिनं तळाशी बारीक वाळू पसरली, लपायला नळाचे तुकडे ठेवले, बदामाची वाळकी पानं टाकली. पानांचा चहासारखा रंग पाण्यात उतरे आणि मी त्या रंगात तासन्‌तास पडून राही.

अंग वाढलं की माझं कवच मला घट्ट होतं. मग मी ते उतरवून टाकते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा नूतनचे वडील, अप्पाजी, घाबरून ओरडले, "नूतन, अगं ए, मेली की गं ही!" मी नळात मऊ आणि नवीकोरी होऊन बसले होते आणि ते माझ्या रिकाम्या कवचाकडे बघून हळहळत होते.

अप्पाजी रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. पुढं त्यांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण जिभेची चव गेली. नूतन रस्सा करी, झुणका करी, ताकात भाकरी कुस्करून देई. अप्पाजी दोन घास खाऊन ताट सारत. "माती चावल्यासारखं वाटतंय गं," म्हणत. त्यांची मनगटं बारीक होत गेली. ते खाटेवर पडून माझ्याकडे बघत आणि मी त्यांच्याकडे. काचेच्या दोन्ही बाजूंना वेळ सारखाच सावकाश चाले.

त्याच दिवसांत माझ्या शेपटीखाली अंडी आली. द्राक्षाच्या लहान घडासारखी ती मला चिकटलेली होती. मी सारखी पाणी हलवून त्यांना वारा घालत होते.

नूतनचा थोरला भाऊ धम्मानंद, तिचा अण्णा, ऑस्ट्रेलियात नोकरी करतो. त्यानं ओळखीच्या माणसाबरोबर एक बरणी पाठवली. आत यीस्टपासून केलेला, पावाला लावायचा काळा, चिकट पदार्थ होता. नूतननं बोटावर घेऊन चाटला आणि तिचं तोंड वाकडं झालं. "ई! अण्णानं हे काय पाठवलंय? नुसतं मीठच की!"

"दे बघू," अप्पाजी म्हणाले.

त्यांनी जिभेवर ठेवलं. जीभ टाळूला घासून पाहिली. मग हळूच म्हणाले, "उप्पु... नूतन, खारट आहे हे. मला खारट लागलं!"

त्या दिवशी त्यांनी लोणी आणि तो काळा पदार्थ लावून एक अख्खी भाकरी खाल्ली. नूतन पदरानं डोळे पुसत त्यांच्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती आत असताना अप्पाजी चमचा घेऊन माझ्याजवळ आले. "तू पण तिकडचीच ना? घे, तुझ्या मुलखाचं आहे," म्हणाले आणि चमचाभर काळा गोळा पाण्यात सोडला.

तो नळामागं जाऊन बसला, म्हणून नूतनला दिसला नाही. पुढच्या सकाळी ती कॉलेजला गेली आणि पाणी पेजेसारखं गढूळ होऊ लागलं. माझा श्वास कोंडला. टाकीत हवा सोडणाऱ्या नळीला धरून मी वर चढले. अंड्यांना वारा घालायची ताकद मला उरली नव्हती. खिडकीतला उजेड दूर दूर जात होता.

"अगं, काय झालं तुला?" अप्पाजींचा आवाज आला. खाटेवरून न्हाणीपर्यंत जायलाही आधार लागणारे अप्पाजी उठले. नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून नूतननं माझ्यासाठी ओसरीवर बादल्या भरून ठेवल्या होत्या. भिंत धरत, तांब्या तांब्यानं ते पाणी आणत राहिले. जुनं काढत, नवं ओतत. नूतन परतली तेव्हा ते ओल्या फरशीवर बसून धापा टाकत होते.

"मीच घातलं गं बाळा. म्हटलं, तिच्या देशाचं आहे."

नूतन रागावली नाही. त्यांच्याजवळ फरशीवरच बसली. "अप्पा, तिच्या पणजीचा असेल तो देश. ही कमरीपेठेत जन्मलीय. ही काच, हे पाणी, एवढाच हिचा देश."

काही अंडी वाया गेली. ती मी एकेक करून स्वतःच खुडून टाकली. उरलेल्यांत काळे डोळे दिसू लागले. एका दुपारी अप्पाजी काचेला नाक लावून ओरडले, "बंद्वु नोडु! आली बघ!" माझ्या शेपटीखाली माझ्यासारखीच चिमुकली पिल्लं धरून बसली होती. ती सुटी झाल्यावर नूतननं त्यांना वेगळ्या टाकीत नेलं. भूक लागली तर मी माझीच पिल्लं ओळखणार नाही, हे तिला ठाऊक आहे. त्यासाठी ती मला वाईट म्हणत नाही.

मित्रांनो, आम्हाला पाळता तेव्हा मायेनं खूप काही द्यावंसं वाटतं. पण तुम्हाला गोड लागलेलं आम्हाला मानवेलच असं नाही. देण्याआधी जरा थांबा, आमच्याकडे बघा.

हल्ली अप्पाजी उकडलेला वाटाणा चिमटीत धरून टाकीपाशी थांबतात. मी मिशा हलवल्या, तर सोडतात. नाही हलवल्या, तर स्वतःच तोंडात टाकतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "गोड आहे गं."